तो रकाना कोरा का सोडलास?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २५ वर्षांची. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अंगावर, नोकरी आहे पण हप्ता गेला की हातात फारसं उरत नाही. एका एजन्सीकडे तिने एग डोनर म्हणून, म्हणजे मूल न होणाऱ्या जोडप्याला आपली स्त्रीबीजं देणारी म्हणून, नाव नोंदवलं, पहिल्या तपासण्या झाल्या आणि एका जोडप्याने तिला निवडलंही. मिळणाऱ्या पैशांत जवळजवळ निम्मं कर्ज फिटेल. ती राहते तिथे असा मोबदला कायद्यात बसतो. मैत्रीण म्हणते, ‘नाहीतरी दर महिन्याला वायाच जातं, कुणाच्या कामी आलं तर बिघडलं कुठे?’ हिला मात्र झोप लागत नाही. ‘ताई, पैशासाठी हे करणं चूक आहे का?’ असं तिने विचारलंय. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तशा दोन ओळी: ‘फॉर्ममध्ये घरातल्या मानसिक आजारांचा रकाना होता. आईला दोनदा डिप्रेशनसाठी ॲडमिट करावं लागलं होतं, पण मी तो कोराच सोडला. सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलंच नसतं.’

तुझा मोठा प्रश्न आधी उरकून टाकते, कारण मला तो तितकासा मोठा वाटत नाही. पैशासाठी करणं चूक नाही. ‘पैसे मिळणार नसते तर केलं असतंस का?’ असं तुला कुणीतरी विचारेलच. तो प्रश्न आपण पायलटला विचारत नाही, सर्जनला विचारत नाही. बाईच्या शरीराचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना एकदम त्याग हवा असतो. दहा-बारा दिवस सुया टोचून घ्यायच्या, कामावर रजा टाकायची, भूल घ्यायची, धोका पत्करायचा, याचे पैसे मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. करारातही बहुतेक हेच लिहिलेलं असतं, की मोबदला वेळेचा आणि त्रासाचा आहे, बीजांचा नाही. ते वाक्य वकिलाने स्वतःच्या सोयीसाठी घातलेलं असलं तरी तू ते खरं मानून चाल. पैसे तेवढ्याचेच आहेत. त्यापुढचं जे काही आहे त्याचे कुणी देत नाही आणि देऊही शकत नाही.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यातली जेमतेम ४०० बाहेर पडतात. दर महिन्याला बीजांचा एक छोटा घोळका वाढायला लागतो, एक पुढे निघतं, बाकीची जिरून जातात. इंजेक्शनं त्या जिरून जाणाऱ्यांना वाढवतात. त्यामुळे ‘माझा साठा संपेल का, पुढे मला मूल होईल का’ ही भीती त्या अर्थाने निराधार आहे. पण बीजं वाया जाणार होती म्हणून ती काढणंही फुकटात होतं असं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मूल व्हावं म्हणून हीच इंजेक्शनं मी तीनदा घेतली आहेत. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी आणि रक्त. शेवटी शेवटी ओटीपोटात ओल्या वाळूची पिशवी घेऊन चालल्यासारखं वाटतं. मग ठरलेल्या वेळी, मिनिटं मोजून, ट्रिगरचं, म्हणजे बीजं शेवटची पिकवणारं, इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गे सुईने बीजं ओढून घेतात. ते काम अर्ध्या तासाच्या आत होतं. मला दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा पोटात पाणी झालं आणि पाच दिवस नीट झोपता आलं नाही.

त्या त्रासाला ओएचएसएस म्हणतात. अंडाशयं गरजेपेक्षा जास्त पेटतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं. सौम्य प्रकार बऱ्याच जणींना होतो, गंभीर थोड्यांना, पण तो गंभीर झाला तर हॉस्पिटल गाठावं लागतं. तरुण, सडपातळ किंवा पीसीओएस (अंडाशयांचा एक संप्रेरकांचा विकार) असलेल्या मुलींना धोका जास्त. म्हणजे डोनर म्हणून ज्या पसंत पडतात त्यांनाच. यात तुझ्या बाजूची एक गोष्ट आहे. तुझ्या पोटात गर्भ ठेवायचा नसल्यामुळे ट्रिगरसाठी एचसीजी या नेहमीच्या औषधाऐवजी ॲगोनिस्ट नावाचं वेगळं औषध वापरता येतं आणि त्याने हा धोका खूपच खाली येतो. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, ‘माझ्यासाठी ट्रिगर कोणतं ठरवलंय आणि का?’ उत्तर द्यायला जो डॉक्टर कंटाळतो त्याच्या टेबलावर झोपू नकोस. नंतर वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा एका बाजूला असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहायची नाही. फुगलेलं अंडाशय कधी कधी स्वतःभोवती पिळलं जातं आणि तेव्हा तास मोजावे लागतात. आणखी एक, जे सांगायला लोक लाजतात: या काळात संबंध टाळ. एखादं बीज आत राहून गेलं तर दुसऱ्याच्या मुलासाठी घेतलेल्या औषधांनी तुलाच दिवस जातील.

दूरच्या परिणामांबद्दल तुला कुणी छातीठोक ‘काहीही होत नाही’ म्हणालं तर सावध हो. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबीचे उपचार) केलेल्या बायकांचा अभ्यास बराच झालाय आणि तो मोठ्या प्रमाणात दिलासा देणारा आहे. पण बीज देणाऱ्या मुली वेगळ्या. त्या तरुण असतात, काही जणी पुन्हा पुन्हा देतात, आणि काम झालं की त्यांची पुढे नोंद ठेवायची तसदी बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने एकीने आयुष्यात सहापेक्षा जास्त वेळा देऊ नये असं म्हटलंय. भारताच्या २०२१ च्या कायद्यात तर मोबदल्याला बंदीच आहे, वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच आणि तेव्हाही जास्तीत जास्त सात बीजं. जर्मनीत १९९० च्या कायद्यापासून हे दानच बंद. कायदे इतके वेगवेगळे असताना, तू राहतेस तिथल्या कायद्याने हो म्हटलं एवढ्यावर मनाने हो म्हणायची गरज नाही.

माझ्या आणि तुझ्या अनुभवात एक मोठा फरक असणार आहे. मी त्या क्लिनिकची पेशंट होते. माझं काय होतंय याची त्यांना काळजी होती, कारण बिल मी भरत होते. तुझ्या वेळी बिल दुसरं कुणीतरी भरणार आहे आणि ज्यांना जास्त बीजं हवीत तेही तेच. डॉक्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण खोलीत सगळ्यांची नजर एका बाजूला असेल तर आपली बाजू बघणारा एक माणूस आपणच न्यावा. क्लिनिकशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आधी एकदा भेट. सगळे रिपोर्ट स्वतःकडे ठेव. करारात दोन गोष्टी शोध: मध्येच थांबवावं लागलं, तुझ्या इच्छेने किंवा औषध लागू पडलं नाही म्हणून, तर पैशाचं काय? आणि गुंतागुंत झाली तर हॉस्पिटलचा खर्च कोण, किती दिवस करणार? आलेल्या रकमेवर कर बसतो का तेही बघ. अमेरिकेत २०१५ साली कर-न्यायालयाने बसतो असाच निकाल दिला, आणि तुझं निम्म्या कर्जाचं गणित तिथेच कोलमडू शकतं.

आता तो रकाना.

तू तो पत्राच्या शेवटी लिहिलास, पण झोप उडवलीय ती त्यानेच, असं मला वाटतं. तीव्र नैराश्य आई-वडिलांपैकी कुणाला असेल तर मुलांना ते होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते. याचा अर्थ होईलच असं नाही. तुझ्या बीजात खोट आहे असाही नाही. आणि तुझी आई म्हणजे लपवण्यासारखी गोष्ट तर मुळीच नाही. पण विचार कर, तुझ्या बीजापासून झालेली १९ वर्षांची एखादी मुलगी खोलीचं दार लावून पडून आहे, डॉक्टर विचारताहेत घरात कुणाला असं झालं होतं का, आणि तिचे आई-वडील अगदी खरेपणाने सांगताहेत, ‘नाही, फॉर्ममध्ये तसं काही नव्हतं.’ त्या क्षणी तिला उपयोगी पडणारी एकच माहिती होती, आणि ती तुझ्याकडे होती.

दुसरी गोष्ट तुझ्या स्वतःच्या जिवाची. या इंजेक्शनांनी शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक भराभर चढतं आणि नंतर धाडकन उतरतं. माझ्यासारख्या ठणठणीत बाईला त्या उतरणीवर दोन दिवस विनाकारण रडू येत होतं. तुझ्या घरात जो इतिहास आहे तो बघता, डॉक्टरला तो माहीत असणं ही तुझी ढाल आहे. ती तूच काढून ठेवलीस.

आणि हे कधी कळणारच नाही असं समजू नकोस. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांची नावं मुलांना १८ व्या वर्षी मागता येतात. जिथे कायदा गुप्तता देतो तिथेही घरबसल्या थुंकीची डीएनए चाचणी करणाऱ्या कंपन्यांनी ती निकालात काढली आहे. तू चाचणी करायचीही गरज नाही, तुझ्या चुलतभावाने केली तरी पुरतं. तेव्हा ‘निनावी’ हा शब्द करारातून मनातल्या मनात खोडून टाक आणि असं धर की विसेक वर्षांनी एक मेसेज येणार आहे. तो घाबरवणारा असेलच असं नाही. बहुतेकांना आई नको असते, ती त्यांना आहेच. आपलं नाक कुणाचं, एवढंच विचारायचं असतं. पण तो मेसेज तू तुझ्या नवऱ्याला, मुलांना दाखवू शकशील का? रकान्याबद्दल विचारलं तर काय उत्तर देशील? कर्ज तोवर कधीच फिटलेलं असेल, त्याचा आकडाही तुला आठवणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं. आधी एजन्सीला कळव की एक माहिती राहून गेली होती, ती भरायची आहे. तोंडी नको, लेखी. तुला भीती आहे तसं ते नाही म्हणतील, कदाचित. कदाचित समुपदेशकाकडे पाठवतील, जोडप्याला सांगतील आणि जोडपं तरीही हो म्हणेल. अशी जोडपीही असतात. ते काय म्हणतात त्यावर तुझा हात नाही. ते हो म्हणाले तर मग स्वतःला एवढंच विचार: सातव्या इंजेक्शनच्या दिवशी मला नको वाटलं तर मी थांबू शकते का? हप्त्याच्या दडपणाने थांबता येणार नसेल तर सुरूच करू नकोस. थांबता येणार असेल, तर कर, आणि पैसे मान वर करून घे.

ते नाही म्हणाले तर कर्ज तसंच उरेल, हे मला कळतं. त्यासाठी मला वेगळं पत्र लिही, आकड्यांसकट, व्याजदर आणि उरलेली वर्षं घालून. आणि आईला दोनदा ॲडमिट केलं तेव्हा तू किती वर्षांची होतीस, तेही लिही.