नकाबातूनही आवाज येतो

प्रश्न : मस्कतमधल्या विद्यापीठात मी इंग्रजी लेखन शिकवते. मुली हुशार आहेत, पण वर्गात गप्प. निबंधात एक चूक नसते, पण त्यांचं स्वतःचं मतही नसतं. स्त्रीवादी लेख वाचायला दिले, तर एक जण म्हणाली, ‘हे पाश्चात्त्यांचं, आमचं नाही.’ मी परदेशी बाई. हा विषय सोडून देऊ का?
– एक प्राध्यापिका

ताई, सोडू नका. ती मुलगी शिक्षिकेला तोंडावर ‘हे आमचं नाही’ म्हणाली, याचा मला फार आनंद झाला. तुम्ही वाट पाहत होतात तो आवाज हाच. पुढचा निबंध तिला त्यावरच लिहू द्या.

मात्र वाचायला त्यांच्याच अरब जगातल्या बायकांचं द्या. इजिप्तच्या मलक हिफ्नी नासिफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुपत्नीत्वाविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी लिहिलं. पडदा काढण्याची घाई मात्र त्यांना पटत नव्हती. इजिप्तच्याच स्त्रीवादी हुदा शारावींनी 1923 मध्ये कैरोच्या रेल्वे स्टेशनवर चेहऱ्यावरचा पडदा दूर केला. दोघींना एकाच तासाला समोरासमोर आणा. मग हिस्सा हिलाल. 2010 मध्ये अबू धाबीच्या टीव्हीवरील काव्यस्पर्धेत या सौदी कवयित्रीनं नकाब घालूनच कट्टर फतव्यांवर कडाडून टीका करणारी कविता म्हटली आणि तिसरी आली. चेहरा दिसला नाही म्हणून तिचं म्हणणं कुणाला ऐकू आलं नाही, असं झालं नाही.

मुलींच्या गप्प राहण्याला भित्रेपणा समजू नका. छोट्या समाजात आडनावावरून घराणं कळतं आणि वर्गातलं बोलणं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. पहिला खर्डा फक्त तुम्ही वाचणार, मोठ्यानं कुणी वाचणार नाही, मताला गुण नाहीत, हे आधीच सांगा आणि पाळा.

सगळ्यांत आधी एक काम द्या : आजीशी बोलून या. 1970 पूर्वी ओमानमध्ये आधुनिक शाळा तीनच होत्या, त्याही मुलग्यांच्या. त्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं आयुष्य कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. नात विद्यापीठात पोचली, तेव्हा आजीला काय वाटलं? तिनं काय सोसलं, कुठे आपलंच खरं केलं? हे आधी अरबीत उतरवू द्या, इंग्रजी नंतर. ‘मी’ लिहायला कचरणारी मुलगी ‘माझी आजी’ सहज लिहिते, आणि दोन पानांत स्वतःवर येते.

एखादी लिहील, मला लवकर लग्न करून घरच सांभाळायचंय. तिथे लाल पेन उचलू नका. हे कुणाचं पाहून ठरवलंस, तुझ्या अटी कोणत्या, एवढं समासात विचारा.