मोडीत घालण्याआधी नावं वाच

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

आजीचं वाईचं घर महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचंय आणि माळ्यावरून काढलेल्या भांड्यांनी ओसरी भरून गेलीय, असं तू लिहिलंस. त्यातलं काय ठेवू, काय देऊन टाकू, हा तुझा प्रश्न. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सगळं मावणार नाही हे मला कळतं, आणि सगळं ठेव असं मी म्हणणारही नाही. पण मोडवाल्याला बोलावण्याआधी एक काम कर. प्रत्येक भांड्यावरचं नाव वाच.

तांब्यापितळेच्या जुन्या भांड्यांवर काठाखाली नाहीतर गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशानिमित्त दिलं. ‘अमकीस मामाकडून आहेर’, ‘तमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ’, ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’. काहींवर साल असतं. शके लिहिलं असेल तर त्यात ७८ मिळव, इसवी सन निघेल. पितळ काळं पडलं की हे ठिपके दिसेनासे होतात. अशा वेळी भांडं चिंचेच्या कोळाने धू, खडखडीत कोरडं कर, नावाच्या जागी चिमूटभर रांगोळी बोटाने चोळ आणि वरची फडक्याने अलगद पूस. ठिपक्यांच्या खळग्यांत पांढरी रांगोळी अडकून राहते आणि अक्षरं उघडी पडतात. लगेच फोटो काढ. तारेची घासणी मात्र त्या जागी लावू नकोस आणि दुकानात मशिनवर पॉलिशला तर मुळीच देऊ नकोस. नाव झिजून जातं.

इतका आग्रह का, ते सांगते. तुमच्या घराण्याची वंशावळ तू पाहिली असशील. बापाचा मुलगा, त्याचा मुलगा, अशी ती खाली उतरत जाते. बायका त्यात नाहीत. सातबाऱ्यावरही पूर्वीच्या बायकांची नावं शोधून क्वचित सापडतात. तुझ्या पणजीचं नाव त्या घरात कुठे लिहिलेलं असेल, तर ते बहुतेक हंड्यावर, घागरीवर, पुरणाच्या पातेल्यावर. आणि एखादं नाव घरात कुणालाच ओळखीचं वाटलं नाही, तर ते भांडं परक्याचं समजून बाजूला टाकू नकोस. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची आपल्याकडे रीत, त्यामुळे माहेरचं नाव सासरी पुसलं जायचं. ते अनोळखी नाव तुझ्या आजीचंच असू शकेल. आत्याला विचार. फोटो पाठवून थांबू नकोस, फोन कर, कारण एका नावावरून तिला चार आठवतील. ती बोलेल तसं वहीत लिहून घे. आज हे सांगू शकणारं माणूस तुमच्या घरात तिच्याशिवाय दुसरं नाही.

मग वाटणी सोपी होईल. वजनावर किंवा भावावर वाटू नकोस, नावावर वाट. आत्याच्या लग्नातला हंडा आत्याच्या मुलीकडे जाऊ दे, काकाच्या मुंजीतलं ताम्हन काकाच्या घरी. देताना त्याची हकिकत सोबत लिहून दे. ज्यांच्यावर नाव नाही आणि ज्यांची कुणाला आठवणही नाही, ती खुशाल मोडीत घाल, मनाला लावून घेऊ नकोस. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं तेव्हा आपल्याच आयाआज्यांनी ढीगभर पितळ हौसेने देऊन टाकलं. घासून घासून त्यांचे हात दुखत होते, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तू स्वतःकडे एकच मोठं पातेलं ठेव, पण वापरायला. आधी कल्हई करून घे. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने आतून कथील फिरवतो. कल्हई नसेल तर पितळेत आमटी, कढी, ताक कळकतं, म्हणून आंबट काही घालण्याआधी कल्हई उडालेली नाही ना, ते बघ. दिवाळीत किंवा आजीच्या तिथीला त्यात काहीतरी शिजू दे, आणि नावावर रांगोळी चोळायचं काम तुझ्या भाचीला दे. सात-आठ वर्षांच्या पोरीला ती अक्षरं उमटताना बघायला फार आवडतं, आणि मग ‘ही कोण?’ हे ती आपणहून विचारते.

आजीच्या पाककृतींची वही सापडली म्हणतेस, फार छान झालं. पण त्या वहीबरोबर डाळ-तांदूळ मोजायची मापंही ठेव. आजी ‘एक चिपटं तांदूळ’ लिहून गेलीय. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक तोंडपाठ असणारी माणसं आता थोडी उरली, आणि माप गावोगाव थोडं बदलायचं. म्हणून आजीचंच चिपटं तांदळाने भरून काट्यावर तोल आणि ते वजन वहीच्या पहिल्या पानावर लिही. एवढं केलंस तर तिचे अनारसे तिच्याच प्रमाणात होतील.

पैठणी कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवू नकोस, रेशीम घडीवर चिरतं. मऊ सुती कापडात गुंडाळ, वर्षातून दोनदा घडी बदल, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस. आणि नेस गं!

जातं उचलून पुण्याला आणायचं मनात असेल तर आणू नकोस, ते चुलत्यांकडे गावातच राहू दे. पण आजीची धाकटी बहीण अजून आहे ना? तिला त्या जात्याशी बसव. ‘ओव्या म्हणून दाखव’ म्हटलं की बायका म्हणतात, आता आठवत नाही. खुंट्याला हात लागला आणि दोन मुठी ज्वारी पडली की आठवायला लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या अशाच दळणाऱ्या बायांकडून. पण तुमच्या घरातल्या माणसांची नावं गुंफलेली ओवी फक्त या धाकट्या आजींकडे असणार. फोनवर रेकॉर्ड कर, त्यांना मधे टोकू नकोस.

येत्या रविवारी आत्याकडे जाऊन ये. कल्हईवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, तो महिन्यातून एकदाच आमच्या बाजूला येतो. तेव्हा पातेलं पंधरा तारखेच्या आत माझ्याकडे आणून ठेव.

तुझी,
काकू