घटस्फोटानंतर बहिणीचे दागिने कौटुंबिक न्यायालयातून परत मिळतील का, आणि त्यासाठी इतका खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

आपण लिहिले आहे की बहिणीचा सहमतीने घटस्फोट होऊन सात महिने झाले, लग्नात तिच्या अंगावर घातलेले सोने सासूच्या लॉकरमध्येच राहिले, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘सुटका झाली हेच पुष्कळ’ असे म्हणत आहेत. दागिने परत मिळू शकतात. खटाटोपाबद्दलचा प्रश्न वाचून मात्र मला राहवले नाही, कारण हेच शब्द माझ्या सख्ख्या भावाने मला २०१५ साली ऐकवले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगते. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने, मग ते माहेरने घातलेले असोत की सासरने, हे तिचे स्त्रीधन होय. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की असे स्त्रीधन सासरच्या माणसांकडे केवळ विश्वासाने ठेवलेले असते आणि ते बळकावणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. घटस्फोट झाला म्हणून कौटुंबिक न्यायालयाचे दारही बंद होत नाही. पती-पत्नीच्या मालमत्तेचे वाद चालवण्याचा अधिकार १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ ने त्या न्यायालयाला दिलेला आहे, आणि घटस्फोटितांच्या मालमत्तेलाही तो लागू होतो, हे २००३ सालच्या अब्दुल जलील विरुद्ध शाहिदा या निकालात ठरलेले आहे. अडचण येते ती पुराव्याची, आणि पुरावा बहुतेक वेळा माहेरच्या ट्रंकेत पडलेला असतो.

माझे लग्न २००८ साली झाले. मंगळसूत्र धरून अठरा तोळे अंगावर होते. त्यांत आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या, चार बांगड्या, मोहनमाळ आणि ठुशी होती. सत्यनारायणाची पूजा आटोपल्यावर त्याच संध्याकाळी सासूबाईंनी ‘घरात जोखीम नको’ असे म्हणून सगळे उतरवून घेतले, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गाठ मारून बांधले, आणि ते त्यांच्या व मुलाच्या संयुक्त नावावरच्या लॉकरमध्ये गेले. त्यानंतरच्या पाच वर्षांत मी ते तीन वेळा पाहिले. २०१३ साली घर सोडले तेव्हा माझ्या अंगावर मंगळसूत्र आणि कानांतल्या कुड्या एवढेच होते.

बाबा २०१२ सालीच गेले होते, त्यामुळे सहमतीच्या घटस्फोटाची बोलणी दादाने केली. त्याने आणलेल्या मसुद्यात ‘यापुढे उभय पक्षांचा एकमेकांवर कोणत्याही स्वरूपाचा हक्क राहिलेला नाही’ असे वाक्य होते. मी दागिन्यांचे विचारले तेव्हा तो म्हणाला, सोने गेले तर गेले, तू सुटलीस ना, आता त्यासाठी सगळे मोडू नकोस. मी ते वाक्य पेनाने खोडले आणि तिथे सही केली. समोरच्या बाजूला दुसऱ्या लग्नाची घाई होती, म्हणून त्यांनीही हरकत न घेता सही केली. आपल्या बहिणीच्या तडजोडीच्या कागदांत असे वाक्य आहे का, हे सर्वांत आधी पाहा. ते असेल आणि त्याखाली तिची सही असेल, तर वाट अवघड आहे आणि त्यासाठी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल.

माझी पहिली चूक अशी झाली की मी आधी नोटीस पाठवली आणि अर्ज नंतर केला. नोटीस पोहोचल्यानंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी लॉकर उघडला गेला. हे मला पुढे दीड वर्षाने कळले, जेव्हा आमच्या अर्जावरून बँकेच्या अधिकाऱ्याला साक्षीचे समन्स निघाले आणि त्यांनी लॉकरचे रजिस्टर न्यायालयात आणले. त्या ओळीत सासूबाईंची सही होती. लॉकरमध्ये काय होते हे रजिस्टरवरून सिद्ध होत नाही, हे खरे आहे. परंतु पतीने आपल्या कैफियतीत, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी उत्तरात, ‘दोन वर्षांत लॉकर उघडलेलाच नाही’ असे शपथेवर लिहून दिले होते, आणि ते खोटे ठरल्यावर त्याच्या बाकीच्या सांगण्यावरचा न्यायाधीशांचा विश्वासही उडाला. माझे स्पष्ट मत आहे की नोटीस देऊन समोरच्याला सावध करू नये. मूळ अर्जासोबतच लॉकर उघडण्यास मनाई मिळावी आणि कोर्ट कमिशनरसमोर, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीसमोर, आतील वस्तूंची यादी व्हावी, असा अंतरिम अर्ज द्यावा.

सराफाच्या पावत्यांची गोष्ट अधिक त्रासाची आहे. बाबांची ट्रंक दादाच्या घरी होती. मी मागितल्या तेव्हा त्याने आधी शोधतो म्हटले, मग माळा आवरायचा आहे म्हटले, आणि शेवटी ‘कोर्टात जाऊन सोन्यापेक्षा जास्त खर्च करशील’ असे सांगून विषय संपवला. असे आठ महिने गेले, तीन तारखा फुकट गेल्या. वास्तविक महाराष्ट्रात मालमत्तेचे वाद, पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. माझा खर्च झाला तो वकिलांच्या फीचा आणि बुडलेल्या रजांचा. पावत्या मला अखेर वहिनीने आणून दिल्या. त्यांत आजीच्या पाटल्यांची १९५४ सालची पावती होती, पिवळी पडलेली, घड्यांवर विरलेली, शाई मात्र शाबूत असलेली.

उलटतपासणीत विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी लग्नाचा फोटो पुढे ठेवून विचारले की हे दागिने एक ग्रॅमचे नाहीत कशावरून. ते अपेक्षित होते. त्यानंतर त्यांनी ती जुनी पावती हाती घेतली आणि म्हणाले, यात चार तोळे लिहिले आहे, म्हणजे चाळीस ग्रॅम, मग तुमच्या अर्जात साडेसेहेचाळीस ग्रॅम कुठून आले? मी सांगितले की आज व्यवहारात दहा ग्रॅमचा तोळा धरतात, पण १९५४ साली मेट्रिक वजने आलेली नव्हती, तेव्हाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आमच्या सराफांच्या नातवाने साक्षीला येऊन तेच सांगितले. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही-अक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते, आणि कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत कलम १४ ने एरवीच अधिक मोकळीक दिलेली आहे.

२०१९ साली हुकूमनामा (निकालाचा आदेश) माझ्या बाजूने झाला, त्यानंतर त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून दरखास्त दाखल करावी लागली, आणि २०२१ साली पाटल्या, मोहनमाळ व ठुशी न्यायालयात माझ्या ताब्यात आली. बांगड्या त्यांनी मोडल्या होत्या. त्यांची किंमत मिळाली, पण ती अर्ज दाखल केला त्या दिवसाच्या भावाने, कारण आमच्या मागणीत तसेच लिहिले गेले होते. वस्तू न दिल्यास तिच्याऐवजी किती रक्कम द्यायची, हे हुकूमनाम्यात लिहिलेले असते. तेव्हा ‘प्रत्यक्ष रक्कम देण्याच्या दिवसाच्या बाजारभावाने’ असे शब्द आपल्या वकिलांकडून मागणीत आवर्जून घालून घ्या. पाटल्या काट्यावर ठेवल्या तेव्हा पंचेचाळीस ग्रॅम आठशे मिलिग्रॅम भरल्या. सदुसष्ट वर्षांची झीज वजा जाता तो जुना तोळाच होता. त्या वेळी दादा माझ्या शेजारी उभा होता.

आठ दिवसांनी त्याने मला सांगितले की पाटल्या आपल्या घराण्याच्या आहेत, तेव्हा एक माझ्या मुलीसाठी ठेव. मी नाही म्हटले. तो आजही मला स्वार्थी म्हणतो. तेलंगणातील मुलकला मल्लेश्वर राव प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलगी हयात असताना आणि तिने अधिकार दिलेला नसताना तिचे स्त्रीधन मागण्याचा हक्क तिच्या वडिलांनाही नाही. जिथे वडिलांना नाही, तिथे भावाला कुठून येणार? म्हणून आपल्यालाही सांगते की अर्ज बहिणीच्याच नावाने आणि तिच्याच इच्छेने झाला पाहिजे. भावाने करण्यासारखे पुष्कळ आहे: पावत्या शोधणे, ‘याद’ (लग्न ठरताना केलेली देण्याघेण्याची यादी) लिहिली असेल तर ती शोधून वकिलांना दाखवणे, छायाचित्रकाराकडून मूळ फोटो मिळवणे, स्वतः साक्षीला उभे राहणे.

पुरावा फार नाही म्हणूनही कच खाऊ नका. केरळमधील माया गोपीनाथन यांचे ८९ सोव्हरिन (एक सोव्हरिन म्हणजे आठ ग्रॅम) सोने लग्नाच्या पहिल्याच रात्री पतीने सांभाळण्याच्या नावाखाली आपल्या आईकडे दिले होते. उच्च न्यायालयात त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांना २५ लाख रुपये देवविले आणि सांगितले की अशा दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे पाहायचे असते. लग्न हे नवरा-बायकोच्या परस्पर विश्वासावरच उभे असते, हे त्या निकालाने मान्य केले.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझे प्रकरण हिंदू विवाह कायद्याखालचे होते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी १९८६ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये लग्नात मिळालेल्या वस्तू परत मागण्याची वेगळी तरतूद आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकारीही स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. मुदतीचा मुद्दा समोरचे वकील हमखास काढतात, म्हणून घटस्फोटापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल झालेला बरा. किती वेळ लागतो, याचे माझ्याकडचे उत्तर पाच वर्षे हे आहे, पण त्यांतील आठ महिने माहेरात गेले.

आपल्या प्रश्नात वडीलधाऱ्यांचे मत आहे, आपला संभ्रम आहे. बहीण काय म्हणते, ते कुठेच आलेले नाही. ते तिला आज विचारा, आणि ती हो म्हणाली तर पावत्या याच आठवड्यात तिच्या हातात द्या.