शाळेत जपानी शिकवायला घेताना

पुण्यातील शाळेत सहावीच्या वर्गाला आपण जपानी शिकवणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

रोमन लिपीची सवय लावू नका. हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरे दर तासाला पाच, रेघांच्या क्रमासह गिरवून घ्या.

मराठीचा मात्र भरपूर उपयोग करा. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमास' म्हणजे 'मी पाणी पितो'. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच आहे, आणि 'त्सु'चा उच्चार 'चमचा'तल्या 'च'च्या इतका जवळ आहे की आपल्या मुलांना तो सहज साधतो, हे पाहताना मला आजही समाधान वाटते. ऱ्हस्व-दीर्घाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, कारण 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, तर 'ओबाआसान' म्हणजे आजी.

परीक्षेच्या घाईने कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हाक्षरे, लादणे ही नव्या शिक्षकांची नेहमीची चूक. पहिल्या वर्षी मीही ती केली आणि मुले वहीपासून दूर गेली. त्याच वर्गाला त्याच वर्षी चिनीही शिकवण्याचा आग्रह झाल्यास नम्रपणे नकार द्या: तिथे एकच 'मा' सूर बदलताच आई, ताग, घोडा किंवा रागावणे होतो, आणि त्या सुरांना स्वतंत्र वेळ लागतो.