मर्नाँग म्हणजे डँडेलियनच ना? दोघांत फरक कसा ओळखायचा?

नाही. फूल सारखंच पिवळं दिसतं, कुळही एकच (सूर्यफूल-शेवंतीचं), पण मर्नाँग ही आग्नेय ऑस्ट्रेलियाची मूळ रहिवासी आहे आणि डँडेलियन युरोपातून आलेलं तण. मर्नाँगचं शास्त्रीय नाव मायक्रोसेरिस वॉल्टेरी. जुन्या पुस्तकांत मायक्रोसेरिस लॅन्सिओलाटा या नावाखाली सापडेल.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कळी. मर्नाँगची कळी उमलण्याआधी मान खाली घालून लोंबते, फुलताना देठ सरळ होतो. डँडेलियनची कळी ताठ असते. मर्नाँगची पानं अरुंद, गवतासारखी वर उभी. डँडेलियनची रुंद, दातेरी आणि जमिनीला चिकटलेली. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ आहे. प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र फूल, टोकाला पाच बारीक दात. बी पिकलं की पांढरे तुरे वाऱ्यावर उडतात.

मर्नाँगची खरी संपत्ती मात्र जमिनीखाली आहे. मुळ्यासारखा छोटा, गोडसर कंद. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आदिवासी स्त्रिया टोकदार काठीने तो खणून काढत, भाजून खात. खणताना माती भुसभुशीत होई आणि उरलेल्या रोपांना फायदा होई. 1835 नंतर वसाहतवाल्यांच्या मेंढ्या आल्या. त्यांनी पानं खाल्लीच, कंदही उकरले, खुरांनी जमीन घट्ट केली. काही वर्षांतच लोकांचं रोजचं अन्न गेलं. हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, तेव्हा रोप मेलं समजून उपटू नका. कंद जिवंत असतो.