बाणेर-बालेवाडीत एवढे महागडे टॉवर उभे राहतायत, तिथल्या जुन्या रहिवाशांना त्याबद्दल काय वाटतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तीन-चार कोटींच्या फ्लॅटचे टॉवर येतायत याचा इथे आधीपासून राहणाऱ्यांना आनंद आहे की धास्ती, ही पहिली. आणि तुम्ही स्वतः इथे घर घ्यावं का, ही दुसरी. मी पुण्याच्या बाणेरमध्ये बरीच वर्षं राहतोय, आमच्या चार मजली जुन्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. पहिल्या प्रश्नावर बोलण्यासारखं खूप आहे, दुसऱ्याचं शेवटी सांगतो.

आनंदही आहे आणि धास्तीही आहे. पण टॉवर किती उंच आहे किंवा तिथे राहायला येणाऱ्याकडे किती पैसा आहे, याच्याशी दोन्हींचा फारसा संबंध नाही. आधी पाणी, ड्रेनेज, रस्ता आणि मग इमारत, असं व्हायला हवं. आमच्याकडे पहिल्यापासून उलटं होत आलंय आणि जी काही चीड आहे ती त्याची आहे.

बाणेर, बालेवाडी 1997 मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी ही शेतीची गावं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मग हिंजवडीत आयटी पार्क आलं, बाह्यवळण महामार्ग झाला आणि दोन्हींच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. 2016 मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत पुण्यातून औंध-बाणेर-बालेवाडी हाच पट्टा निवडला गेला. त्यानंतर जाहिरातींची भाषाच बदलली. 'टू बीएचके'ची जागा 'लाइफस्टाइल'ने घेतली.

आता आशा कसल्या, ते सांगतो. आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची मंडळी आता सत्तरीला टेकली आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंना डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणावं लागतं. आजूबाजूला भाव वाढले की जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डरला रस वाटायला लागतो. नवीन घर, लिफ्ट, पार्किंग, वर थोडी जास्त जागा, हे आमच्यासारख्यांना स्वतःच्या खिशातून कधीच जमलं नसतं. त्यामुळे शेजारी महागडा टॉवर उभा राहिला की आमच्याकडचे ज्येष्ठ नागरिक नाक मुरडत नाहीत, उलट मीटिंगमध्ये विचारतात, "आपला नंबर कधी?" बाहेरून बघणाऱ्याला हे चटकन कळत नाही.

बाकी सोयी तर आल्याच. चांगली रुग्णालयं जवळ आली. मुलांना शाळेसाठी डेक्कनपर्यंत जावं लागत नाही. रात्री दहालाही रस्त्यावर उजेड आणि माणसं असतात, त्यामुळे माझी मुलगी क्लासवरून एकटी चालत येते. मेट्रोची तिसरी मार्गिका, हिंजवडी ते शिवाजीनगर, 23.3 किलोमीटर आणि 23 स्थानकं, आमच्याच रस्त्यावरून जाते. तिची मूळ मुदत केव्हाच उलटली, पण तिच्यावर आमची सगळ्यांची भिस्त आहे. गावठाणातल्या ज्या कुटुंबांनी जमीन विकासाला दिली त्यांच्याकडे फ्लॅट आले, दुकानांचं भाडं सुरू झालं, मुलं शिकली. कष्टाने राखलेल्या जमिनीचं चीज झालं याचा त्यांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

आता पाण्याचं. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं पाणी खडकवासला धरणसाखळीतून वारजे जलकेंद्रामार्गे येतं. बाणेर-बालेवाडी या वाटेच्या शेवटच्या टोकाला. गावं शहरात आली, इमारती झाल्या, पण पाइपलाइन आणि टाक्या त्या वेगाने आल्या नाहीत. मग तोड अशी निघाली की बिल्डरने महापालिकेला हमीपत्र द्यायचं: पालिका पुरेसं पाणी देईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवीन. या कागदावर परवानग्या मिळत गेल्या. पुढे सोसायटी स्थापन होते, बिल्डर हस्तांतर करून पुढच्या प्रोजेक्टकडे वळतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. हमीपत्राची आठवण करून द्यायला गेलं की एकेका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ स्थगिती दिली होती. पाणी नाही म्हणून कोर्टाला बांधकाम थांबवावं लागतं, याहून स्पष्ट पुरावा काय द्यायचा?

एप्रिल-मेमध्ये आमच्या गेटवर काय चालतं ते ऐका. पहाटे पाचच्या सुमाराला 10,000 लिटरचा टँकर रिव्हर्स घेत आत येतो. वॉचमन जमिनीखालच्या टाकीचं झाकण सरकवतो, ड्रायव्हर जाड पाइप आत सोडतो. कमिटीतला ज्याचा दिवस असेल तो टॉर्च घेऊन उभा. आधी टँकरच्या वर चढून तो काठोकाठ भरलाय का ते बघायचं, मग बाटलीत थोडं पाणी घेऊन टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवायचा, कारण हे पाणी कुठल्या बोअरचं किंवा विहिरीचं आहे ते कोणी सांगत नाही. आकडा फारच वर गेला तर टँकर परत पाठवायचा की ठेवून घ्यायचा, हा निर्णय अर्ध्या झोपेत घ्यावा लागतो. परत पाठवला तर सकाळी आठ वाजता ग्रुपवर "नळाला पाणी नाही" सुरू. पावतीवर सही केली की ड्रायव्हर घाईने निघतो, त्याला पुढच्या टॉवरला चार खेपा द्यायच्या असतात. त्या टॉवरमध्ये पोहण्याचा तलाव आहे. तरीही त्यांच्या कमिटीवरच्या गृहस्थांचं दुखणं आणि माझं दुखणं एकच आहे, हे मी त्यांच्याशी बोलूनच सांगतोय. कोट्यवधी मोजून घर घेतलेला माणूसही पहाटे टॉर्च घेऊन उभा असतो.

महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहरभर 82 टाक्या आणि घरोघरी मीटर असा आराखडा आहे. आमच्या भागातही टाक्या बांधल्या गेल्या आणि पूर्वीपेक्षा फरक पडलाय, हे मान्य करायला हवं. पण टाकी बांधली तरी धरणातलं पाणी वाढत नाही. वाढीव मजल्यांना मंजुरी देताना 'इतक्या माणसांना पाणी कुठून?' या प्रश्नाचं उत्तर आकड्यात लिहून मागितलं पाहिजे, अशी आमच्या परिसरातल्या अनेक सोसायट्यांची मागणी आहे. मला ती पूर्ण रास्त वाटते.

रस्त्यांची कथा थोडक्यात. विकास आराखड्यातले रस्ते इथे तुकड्या-तुकड्यांनी आहेत. गुळगुळीत रस्ता अचानक पत्र्याच्या कुंपणाला जाऊन थांबतो, कारण पुढची जागा ताब्यात आलेली नाही. बालेवाडी-वाकड पुलाचं उदाहरण घ्या. मुळा नदीवर पूल बांधून तयार, पण जोडरस्त्याची जागा नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं नुसता उभा होता. तिकडे विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला आणि नवा वापरात येईपर्यंत पाच वर्षं आम्ही त्या कोंडीत काढली. रुग्णवाहिका अडकलेली बघितली की जीव खालीवर होतो.

टेकडीबद्दल मात्र मला मनापासून लिहायचंय. बाणेर-पाषाणची टेकडी ही या भागाची फुप्फुसं आहेत. वर तुकाईचं देऊळ आहे, पायथ्याशी बाणेश्वराची लेणी. पूर्वी ही टेकडी उघडीबोडकी होती. वसुंधरा अभियानाच्या लोकांनी आणि इतर अनेकांनी वर्षानुवर्षं रविवारी पाणी वाहून नेऊन झाडं जगवली. रोज पहाटे तिथे आयटीतला मॅनेजर, गावठाणातला पैलवान आणि निवृत्त शिक्षिका एकाच पायवाटेने चढतात. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी ही तीन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्यासारख्या, महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टर जागेला जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे आणि आमच्या टेकडीचा मोठा भाग त्यात येतो. जागामालकांना मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला. तो अत्यंत तुटपुंजा आहे असं मालक म्हणतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन शहराच्या हवेसाठी राखायची तर शहराने त्याची नीट किंमत मोजावी. मोबदला लटकत राहतो तोवर उतारावर एकेक पत्र्याची शेड चढत राहते. 'हिल व्ह्यू'च्या नावाखाली जादा दर लावणाऱ्या प्रकल्पांचा फायदाही याच टेकडीमुळे होतोय, तेव्हा ती वाचवण्याचा भार फक्त शेतकऱ्यावर टाकणं अन्याय आहे.

खाली रामनदी. तिच्यात आता सांडपाणीच जास्त असतं. मोठ्या सोसायट्यांना मैलापाणी शुद्धीकरण केंद्र सक्तीचं आहे, पण ते चोवीस तास चालवायला वीज आणि माणूस लागतो. तपासणी नसली की ते बंद पडायला वेळ लागत नाही. नदीकाठ सुधार प्रकल्पासाठी राम-मुळा संगमाजवळची झाडं जाणार म्हणून इथले लोक रस्त्यावर उतरले होते. त्यात टॉवरमधली तरुण मुलं मोठ्या संख्येने होती, हे मला फार आश्वासक वाटलं.

आणखी एक प्रकरण सांगतो, कारण उलट्या क्रमाचं ते सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. सूस रस्त्याजवळ हॉटेलातल्या ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. दुर्गंधी येते म्हणून रहिवासी लढले. 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो बंद करायला सांगितलं, सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि काळजी घेऊन प्रकल्प चालू ठेवायला मुभा दिली. ती जागा कचरा प्रक्रियेसाठी आधीपासून राखीव होती, निवासी इमारती नंतर आल्या. दुर्गंधीने हैराण झालेल्या माणसाचं दुःख खोटं नाही, आणि शहराला कचरा कुठेतरी जिरवावा लागतो हेही तितकंच खरं. पण आरक्षण नकाशावर असताना त्याच्या शेजारी खिडक्या उघडायला परवानगी दिली कोणी, आणि घर घेणाऱ्याला ते सांगितलं कोणी?

गरिबांचं काय होतं, हे विचारायचं राहून जातं. जमीन ज्यांच्याकडे होती ते तरले. ज्यांच्याकडे नव्हती, म्हणजे इस्त्रीवाले, सलूनवाले, शाळेतल्या मावशी, त्यांना बाणेरचं भाडं परवडत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई आधी गावठाणात राहायच्या. खोलीचं भाडं वाढत गेलं तशा त्या सूसला गेल्या. आता एका बसची वाट बघण्यात त्यांचा अर्धा तास जातो आणि एक काम त्यांना सोडावं लागलं. आणि जे हे टॉवर बांधतात ते मजूर तर कोणाच्याच खिजगणतीत नाहीत. जुलै 2016 मध्ये बालेवाडीत एका इमारतीचा स्लॅब कोसळून 9 मजूर गेले. ती जागा ओलांडून आजही हजारो माणसं कामाला जातात.

आता तुमचं घर. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, हा भाग राहायला चांगला आहे आणि माणसंही चांगली आहेत. पण शो-फ्लॅट बघून ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये या. शेजारच्या, पाच-सात वर्षं जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा आणि मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं बघायला मागा, बहुतेक जण दाखवतात. बिल्डरला विचारा की महापालिकेचं नळजोड मंजूर आहे का, किती इंची आहे, आणि ते कागदावर द्या म्हणा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे असतात, ते उघडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार आहे ते विकास आराखड्याशी ताडून पाहा. रस्ता, उद्यान, कचरा प्रकल्प, सगळी आरक्षणं त्या आराखड्यात कळतात. सकाळी नऊला फ्लॅटपासून हमरस्त्यापर्यंत एकदा स्वतः गाडी चालवत जा. इथवर आलात तर टेकडीवर तुकाईला पण चढून जा, तिथून सगळा भाग एका नजरेत दिसतो.

आणि राहायला आलात तर औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक असते, तिला या. अधिकारी समोर बसतात, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. जुन्या सोसायट्यांचे आम्ही ठरलेले काही जण दर वेळी जातो. टॉवरमधून फारसं कोणी येत नाही, कारण बहुतेकांना ती होते हेच माहीत नसतं. एकाच बैठकीत दोनशे-तीनशे फ्लॅटच्या सोसायटीचा प्रतिनिधी पाण्याबद्दल उभा राहिला की उत्तर देणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.