नमुना मागायच्या आधी

बाय गो,

तुझी प्रश्नावली मिळाली. मोबाईलवर वाचणं काय जमेना म्हणून शेजारच्या पोराकडनं प्रिंट काढून घेतली आणि शांतपणे वाचली. विषय झकास घेतलायस. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी पोरं व्यसनमुक्ती नाहीतर बचतगट घेऊन मोकळी होतात, तू एकदम एचआयव्ही लसीच्या ट्रायलसाठी लोक अंगातले नमुने देतील का हेच धरलंस. पण तुझा नऊ नंबरचा प्रश्न, "लस चाचणीसाठी शारीरिक नमुने देण्यास आपण तयार आहात का? होय / नाही / सांगता येत नाही", यावर तुझा सगळा प्रबंध उभा आहे आणि नेमका हाच कच्चा राहिलाय.

कारण नमुने म्हणजे काय हे तू सांगितलंच नाहीस. समोरचा माणूस मनात धरणार बोटाला सुई टोचून घेतलेला एक थेंब, आणि हो म्हणणार. अशा ट्रायलमध्ये दर व्हिजिटला बऱ्याच ट्यूबा भरून रक्त घेतात, मग ल्युकाफेरेसिस असतं म्हणजे एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे पांढऱ्या पेशी काढून घेतात आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत अंगात, यात दोन-चार तास सहज जातात. पुरुषांकडे वीर्य मागतात, बायकांकडे योनीमार्गातला स्राव, कधी गर्भाशयाच्या तोंडाजवळचा. गुदद्वारातून स्पंजने स्राव घेतात किंवा दुर्बीण घालून आतल्या अस्तराचे बारीक तुकडे काढतात. काखेतल्या नाहीतर जांघेतल्या लसिकाग्रंथीत, म्हणजे सगळ्यांच्या अंगात असतात त्या गाठीत, बारीक सुई घालून पेशी ओढतात. सगळंच सगळ्या ट्रायलमध्ये नसतं, पण यातलं काहीही असू शकतं. आता मला सांग, एकच माणूस या सगळ्याला एकच उत्तर देईल? रक्ताला हो म्हणणारा आमचा इथला, गोव्यातल्या डिचोलीचा ट्रकवाला वीर्य म्हटल्यावर खुर्ची सरकवून उठेल, आणि उठला म्हणजे तो ट्रायलच्या विरोधात आहे असं नाही. तर प्रत्येक नमुन्याचा प्रश्न वेगळा कर.

आणि प्रत्येकापुढे "कशासाठी" हे एका वाक्यात लिही. लोक बावळट नाहीत गो, कारण पटलं तर बरंच काही देतात. एचआयव्ही बहुतेक वेळा शरीरसंबंधातून, म्हणजे आतल्या नाजूक अस्तरातून शिरतो. रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला अडवायला शरीर बनवतं ती प्रथिनं, भरपूर दिसल्या तरी त्या अस्तरावर पोचल्या का हे रक्त सांगत नाही. चोर मागच्या दाराने येणार आणि आपण पुढच्या दाराचा कॅमेरा बघत बसणार, तसं होतं ते. गाठीतली सुई यासाठी की चांगल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी तिथेच तयार होतात. आणि जास्त रक्त यासाठी की ज्या पेशी शोधायच्या त्या लाखांत एखादी असते. २०२२ मध्ये छापून आलेल्या आयएव्हीआय जी००१ नावाच्या छोट्या ट्रायलमध्ये लस दिलेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या प्रकारच्या सुरुवातीच्या, म्हणजे पुढे चांगल्या अँटीबॉडी बनवू शकतील अशा बी पेशी जाग्या झालेल्या दिसल्या, आणि त्या दिसल्या कारण लोकांनी रक्तासोबत गाठीतले नमुनेही दिले होते.

थायलंडचं तर तू लिहायलाच हवंस. आरव्ही १४४ नावाची तिथली एचआयव्ही लसीची ट्रायल, १६ हजारांच्या वर लोक, २००९ मध्ये निकाल आला, संरक्षण जेमतेम ३१ टक्के. तेवढ्यावर लस बाजारात येणं शक्य नव्हतं. पण लोकांचे नमुने फ्रीजरमध्ये जपून ठेवलेले, ते परत तपासले तेव्हा २०१२ मध्ये कळलं की विषाणूच्या आवरणातल्या व्ही१व्ही२ नावाच्या भागाविरुद्ध अँटीबॉडी ज्यांच्यात जास्त होत्या त्यांना लागण कमी झाली होती. नंतर दक्षिण आफ्रिकेतली मोठी ट्रायल २०२० मध्ये थांबवली, दुसरी २०२१ मध्ये, मोझाइको नावाची तिसरी २०२३ मध्ये, लस अजून नाहीच. तरी प्रत्येक वेळी हातात जे राहिलं ते नमुन्यांतनंच. म्हणून कुणी तुला विचारलं की लस फेल झाली तर माझं रक्त फुकट ना, तर तुझ्याकडे खरं उत्तर आहे.

आता भीती. रक्त दिलं की अशक्तपणा येतो, हे तू सगळीकडे ऐकशील. त्याला आकडा सांग. मोठ्या एचआयव्ही ट्रायलमध्ये साधारण आठ आठवड्यांत ५०० मिलीच्या वर रक्त घ्यायचं नाही अशी मर्यादा असते, आणि आपली रक्तदानाची पिशवीच ३५० किंवा ४५० मिलीची असते. वीर्याबाबत "धातू जाते, ताकद जाते" हे डोक्यात बसलेलं आहे, त्यावर लेक्चर देऊ नकोस, ऐकून घे आणि लिहून घे. लग्न न झालेल्या मुलीला योनीतल्या नमुन्याचं विचारशील तेव्हा ती पहिल्यांदा "आईला कळेल का" हाच विचार करणार, आणि ही भीती आकड्याने जात नाही. गुदद्वाराच्या नमुन्याला पुरुष बिचकतात ते दुखण्यापेक्षा "मला तसला समजतील" म्हणून. लस टोचल्याने एचआयव्ही होईल का, हे मात्र सरळ सांगायचं, होणार नाही, अशा लसीत जिवंत एचआयव्ही नसतो, विषाणूच्या काही तुकड्यांची नाहीतर जीनची नक्कल असते.

पण एक धोका खरा आहे आणि तुझ्या प्रश्नावलीत तो कुठेच नाही. लस घेतलेल्या माणसाची साधी अँटीबॉडी टेस्ट पुढे पॉझिटिव्ह येऊ शकते, लागण नसताना. कधी कधी वर्षानुवर्षं. खरं काय ते न्यूक्लिक अॅसिड टेस्टवर कळतं, ती अँटीबॉडी नाही तर विषाणूच शोधते. पुण्यामुंबईच्या रिसर्चरला हे तळटीपेत टाकण्यासारखं वाटेल. आपल्याकडे दर वाड्यात एक तरी पोरगा बोटीवर नाहीतर आखातात जायच्या तयारीत, आणि आखाताच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची टेस्ट असतेच. त्याचा व्हिसा अडकला तर कुठली रिसर्च टीम एजंटला समजवायला जाणार? म्हणून आधीच विचार, परदेशी नोकरीचा विचार आहे का, आणि हे कळल्यावर तुमचं उत्तर बदलतं का. मला वाटतं तुझ्या प्रबंधातला सगळ्यात कामाचा आकडा हाच निघेल.

गोव्यात हे विचारताना आणखी एक गोष्ट विसरू नकोस, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. डॉमिनिक डिसोझा. नेमाने रक्तदान करणारा म्हापशाकडचा तरुण. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि १९८९ मध्ये पोलिसांनी उचलून त्याला बंद पडलेल्या टीबी इस्पितळात कोंडलं, ६४ दिवस, कारण गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी सोय होती. आई लुसी कोर्टात गेली. सुटल्यावर त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये वारला. म्हणजे आपल्या गावात भलेपणाने रक्त दिलेल्या माणसाचं काय झालं हे जुन्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. साठीतली बाई "रक्त घेतात आणि मग काय करतात कोण जाणे" म्हणाली तर तिला गैरसमज या रकान्यात टाकू नकोस. आता २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, २०१८ पासून लागू, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि नाव फोडायचं नाही, हे तिला सांग, पण तिला पटलंच पाहिजे असा हट्ट नको.

नमुना पुढे कुठे जातो हेही विचारतील. ट्यूबवर नावाऐवजी कोड असतो, पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, पुढच्या कुठल्या अभ्यासाला वापरायच्या तर त्याची वेगळी परवानगी घ्यायला हवी आणि ती न देताही ट्रायलमध्ये राहता आलं पाहिजे. मध्येच सोडून जाता येतं हे तर पहिल्या पानावर ठळक हवं.

पैशाचा प्रश्न तू शेवटी टाकलायस, तो थोडा वर घे. बसभाडं, बुडालेली मजुरी देणं रास्त आहे. पण खाणी बंद पडल्यापासून आपल्या भागात कोण कशाला हो म्हणेल सांगता येत नाही. पटकन आलेल्या होकाराने मला तरी आनंद होत नाही, तिथे थांबून "तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणायचं. नकार देणाऱ्याला मात्र समजवत बसू नकोस. तू तयारी मोजायला निघालीयस, वाढवायला नाही, आणि गाईडने "रिस्पॉन्स पॉझिटिव्ह यायला हवा" म्हटलं तर माझा नंबर दे त्यांना.

आधी दहाएक जणांवर करून बघ, त्यात निम्म्या तरी बायका असू देत. मुलाखत घरात घेऊ नकोस, सासू दाराआड असतेच. पंचायतीतही नको. नकाराचं कारण जिथे विचारशील तिथे टिकमार्कचे चौकोन काढून टाक आणि चार ओळी मोकळ्या सोड, कोकणीत बोलले तर कोकणीतच लिहून घे. ते झालं की फोन कर, रविवारी सकाळी नको, मासळी आणायला जाते मी.

तुझी,
माई